स्वयंपाकघर पुढं, बैठक मागं

बालाघाट,
मंगळवार, दुपार

ती. गीताबाईस,

धाकट्या कमलाचा जयभीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला गेला, की अजूनही दुकानात गिऱ्हाइकाचं स्वागत तोच करतो? आम्ही इकडं खुशाल आहोत, आणि हे खुशाल पत्रात लिहावं लागतं म्हणून लिहिलेलं नाही. घर मिळालं, बाई! कंपनीचं क्वार्टर रिकामं करायच्या तारखेला चार दिवस उरले असताना मिळालं. इतके दिवस छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं होतं, ते एकदाचं उतरलं. (फोन सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. घरात फोनवर बोलायची सोय उरलेली नाही. का, ते पुढं येईलच.)

माझी अट एकच होती, तुला ठाऊक आहे. स्वयंपाकघर पुढं पाहिजे, रस्त्यावर. बाकी बैठक, मोरी, पायखाना जिथं असेल तिथं असो. कुशलच्या बाबांची नोकरी संपली आणि त्याच महिन्यात माझं डोकं फिरलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पण तूच सांग, मलाजखंडला खाणीच्या कॉलनीत एकतीस वर्षं मी रांधलं, आणि एकतीस वर्षं माझ्या खिडकीतून शेजारच्या क्वार्टरची मोरी दिसायची. वराती पुढून गेल्या, जयंतीच्या मिरवणुका पुढून गेल्या, शेजारची पोरगी पळून गेली तीही पुढूनच. मला सगळं दुसऱ्या दिवशी कळायचं. एकदा तर कॉलनीत हत्ती आला होता. मी फोडणी उतरवून, हात पुसून, पदर सावरून बाहेर येते तो रस्ता मोकळा. लोक म्हणतात हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. माझ्या वाट्याला शेपूटही आलं नाही, जे राहिलं होतं ते रस्त्याच्या मधोमध पडलं होतं.

तर इथं आम्ही चौदा घरं पाहिली. दलाल वीरेंद्र म्हणून एक आहे, माणूस वाईट नाही, पण प्रत्येक घरात मला हाताला धरून नेल्यासारखा थेट मागं न्यायचा. "भाभीजी, किचन इतना अंदर है, किसी को पता भी नहीं चलेगा आप हैं या नहीं." मी म्हटलं, बाबा, हे सुख भोगूनच आले आहे. मग त्यानं वास्तू काढली, अग्नीची दिशा काढली. (आपल्या घरी असलं काही मानत नाहीत, हे त्याला सांगितल्यावर त्याचं अर्धं भाषण तिथंच संपलं.) रायपूरहून श्रुतिका व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मम्मी, ऐसा घर बाद में बिकेगा नहीं." सूनबाईंना म्हटलं, अगं, आधी राहू दे, मग वीक. आणि कुशलचे बाबा! ज्यांनी जन्मभर खाणीतल्या डंपरखाली झोपून नटबोल्ट आवळले, त्यांना अचानक अब्रूची काळजी लागली. "पाहुणा येईन तं त्याले पयले खरकटे गंज-भांडे दिसन. लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, "पाहुन्याले भूक असन तं गंज पाहून खूशच होईन."

पंधरावं घर वीरेंद्र दाखवायलाच तयार नव्हता. सुखराम बिसेन गुरुजींचं घर. गुरुजींनी ते बांधलं तेव्हा पुढं गल्ली होती आणि मागं शेत. नंतर गल्ली बुजून तिथं नाला झाला, नवा रस्ता शेतातून गेला, आणि बिचाऱ्यांचं घर आहे त्या जागी उलटं झालं. आता बैठकीतून नाला दिसतो, आणि रस्त्यावर येतं ते स्वयंपाकघर. दहा-बारा लोक बघून हसून गेले होते. गुरुजी ओट्यासमोर असे उभे राहिले, जसं कुणी फाटकं बनियन हातानं झाकावं. मी त्यांना बाजूला व्हा म्हटलं आणि खिडकी उघडली. वारासिवनीची बस गेली. केळीवाला गेला. दोन बाया छत्रीवरून भांडत होत्या, त्यांचं सगळं भांडण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. खरं सांगते बाई, मला रडू आलं. कुशलचे बाबा टेप घेऊन बैठक मोजत होते, ते धावत आले. "काहून रडून राह्यली? नाही आवडलं तं नको घेऊ." मी म्हटलं, "हेच घ्याचं." ह्यांनी टेप गुंडाळली आणि म्हणाले, "हौ." एवढंच.

आता गंमत ऐक. बैठकीत ह्यांनी खुर्ची टाकली, पेपर घेतला. समोर नाला आणि नाल्यात म्हशी. तीन दिवस म्हशी पाहिल्या, चौथ्या दिवशी खुर्ची उचलून माझ्या ओट्याशेजारी आणली. बसलातच तर कांदा चिरा, म्हटलं. ज्या माणसाला एकतीस वर्षं साखरेचा डबा ठाऊक नव्हता, तो आता चहा करतो आणि पोळीही लाटतो. (गोल म्हणणार नाही.) दिवसभर इथंच ठाण मांडलेलं असतं, मग फोनवर मी कुणाचं काय सांगू? पण घर भरल्यासारखं वाटतं, हे मात्र खरं.

येत्या पौर्णिमेला घरी बुद्धवंदना ठेवली आहे. दोघंही या, पुढच्या दारानं म्हणजे चुलीजवळूनच. भाऊजींना नमस्कार, पोरांचे माझ्याकडून पापे घे.

तुझी,
कमला

ता. क. खरं काम राहिलंच. शेजारच्या दोघी-तिघी रोज संध्याकाळी आपापल्या नवऱ्यांना फिरायला म्हणून बाहेर काढतात आणि आमच्या खिडकीसमोर आणून उभं करतात. "पाहा, ते भाऊ कसे पोळ्या लाटून राह्यले!" मोहल्ल्यातल्या पुरुषांनी ह्यांना रामराम घालणं बंद केलं आहे. त्यामुळं ह्यांचा धीर सुटला, आणि परवा म्हशींच्या बाजूला जाऊन ह्यांनी भाऊजींना चोरून फोन केला. दुकानातलं पडद्याचं जाड कापड चार मीटर मागवलं आहे, आरपार दिसू नये असं. बाई, तुझ्या पाया पडते, ते कापड आणू देऊ नको. फार वर्षांनी एक खिडकी मिळाली आहे.

ता. क. दुसरं. भाऊजी तुझं ऐकायचे नाहीत, मला ठाऊक आहे. आणणारच असतील तर गडद रंगाचं आणा म्हणावं, हळदीचे डाग न दिसणारं. पडदा काही लागायचा नाही. ह्यांना दोन ॲप्रन शिवते. मोहल्ला रोज पाहायला येतो, तर माणूस जरा नीटनेटका दिसला पाहिजे.