मालकांनी धाडलेलं नाक

४ मार्च
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू मालकांच्या नव्या बर्फ कारखान्याचा मुख्य झालास. फार आनंद झाला, असं तुझी वहिनी म्हणते. मी म्हणतो, पाना धरायला तुला शिकवलं कुणी? मी. आणि खुर्ची तुला!

वर तुझ्या सांगण्यावरून मालकांनी गॅस ओळखायचं यंत्र इथं जुन्या कारखान्यातही बसवलंय. अरे, अमोनियावरच आपलं घर उभं राहिलं. तो आहे म्हणून बर्फ आहे. मासे, दूध, औषधं टिकतात. सुटला तर डोळे जातात, छाती जाते. हे मला यंत्राने सांगायचं? इतकी वर्षं माझं नाकच इथलं यंत्र होतं.

परवापासून ते कार्टं उगाच बोंबलतंय. कॉम्प्रेसरच्या खोलीत मी एकटाच असतो. कोपरान् कोपरा हुंगला, कसला वास न काय. डोळे चुरचुरतात, ते वयानं. वायर काढून टाकलीय. मालकांना कळू दे लाडक्याचं खेळणं किती खोटारडं आहे ते.

लोभ ठेव, शहाणपणा आवर.
दादा

६ मार्च
ती. दादास साष्टांग नमस्कार.

टपालाची वाट न बघता बर्फाच्या गाडीवाल्याच्या हाती धाडतोय. आधी बाहेर पड, मग वाच. वहिनीने लिहिलं होतं, दूध करपलं तरी तुला कळलं नाही. मी हसलो होतो. दादा, रोज थोडा थोडा अमोनिया हुंगून नाक मरतं.

यंत्र तुला हिणवायला नाही सुचवलं. तू नळीपाशी नुसता उभा राहून सांगायचास, तिसऱ्या सांध्यातून सुटतोय. मला तुझा हेवा वाटायचा. मला ते कधीच जमलं नाही, म्हणून यंत्र लागलं.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.
धाकटा

१५ मार्च
चि. धाकट्यास आशीर्वाद.

गाडीवाल्याने खोलीचं दार उघडलं आणि तोंडावर फडकं धरून खोकत मागे पळाला. मी आत निवांत चहा पीत बसलेलो! तेव्हा कळलं.

व्हॉल्व्हचं पॅकिंग झिजलं होतं, तिथून गॅस सुटत होता. बदललं. डॉक्टर म्हणतो छाती वाचली, नाक परत यायचं नाही.

वायर मीच जोडली. आता त्या यंत्राखालीच बसतो. ते बोंबललं की सगळे त्याच्याकडे बघतात, माझ्याकडे कुणी नाही. खोटं कशाला बोलू, जळतो मी त्याच्यावर. तुझ्यावरही, पण कमी.

घरी आलास की वहिनीने दूध तापवलं की जवळ जा, आणि मला सांग कसा वास येतो. नीट सांग.

आहे तो लोभ पुरे आहे.
दादा