रंभासाठी फाडलेलं धोतर

॥ श्री ॥
मुक्काम कुंभारी
चैत्र वद्य पंचमी, सन १९३२

लाडके रंभा, तुला, थोरल्याला आणि नव्या पाहुणीला आईचे पोटभर आशीर्वाद. हितं सगळं हाय तसं हाय.

नात झाली! शुक्रवारी निरोप आला तशी मी गल्लीभर साखर वाटली. शेजारची सावित्रम्मा म्हणाली, "नातीला एवढी साखर, आता नातू झाला तर पोतंच सांडशील की!" मी म्हटलं, "नातू हाय की एक घरात. तू साखर खा गप." पोरीचं नाक कुणावर गेलंय ते कळव. तुझ्या आप्पांवर गेलं असलं तर लई मोठं दिसंल, पर दिसू दे.

पोर अंगावर प्याया लागली की पोटात कळ येती, थोरल्याच्या येळंला असलं काय न्हवतं, म्हणून भ्यालीस व्हय? अगं, पहिल्या खेपंला फारसं जाणवत न्हाय. दुसऱ्या खेपंला कळा येत्यात. तुझ्या येळंला मी बी दात खाऊन पडले हुते. पोट आवळून आपल्या जागी जातंय, म्हणून दुखतंय. दोन-चार दिसांत थांबंल. पाजायच्या आधी लघवीला जाऊन ये. वीट तापवून फडक्यात गुंडाळ, हाताला सोसती का बघ, मग पोटावर ठेव. जरा पालथी पड, पोटाखाली उशी घे. ओव्याचं पाणी कोमट पी. पर ताप आला, न्हायतर अंगावरनं लई जायला लागलं, तर ओवा-बिवा ठेव बाजूला आणि डाक्टरीण आण. लाजू नगंस.

पोट बांधायला पट्ट्या धाडल्यात. आप्पांचं बाजाराला नेसायचं धोतर हाय ते. तुझ्या कळांचं ऐकलं आणि आथरुणात उठून बसले, टराटरा फाडायला लागले. मी वरडले, "अवो, हे नेसून नातीला बघाय जायाचं हाय की!" तर म्हणत्यात, "बघाय डोळं लागत्यात का धोतर?" असा माणूस. आता खोकला पार थांबलाय त्यांचा.

आई, तूच ये, तुझ्याच हातानं पोट चोळून पायजे, म्हणतीस. म्हस याली हाय गं, धार काढायला दुसरं कोण न्हाय. राग धरू नगंस.

तुझी आई
सौ. बजाबाई

*

जावईबापू हिंदुरावांस आशीर्वाद. वरचं पत्र रंभाला वाचून दाखवा. हे एकट्यानं वाचा.

म्हस अजून याली न्हाय. तुमचे सासरे शनिवारी गेले. पट्ट्या फाडून झाल्या, घडी घालून उशाला ठेवल्या आणि पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन आले तवर काय उरलं न्हवतं. नात झाल्याचं कळून गेले, एवढंच. तुमाला तार केली असती तर रंभानं इचारलं असतं, म्हणून केली न्हाय. मला माफ करा.

ओल्या बाळंतिणीला कसं सांगू? हाय खाल्ली, दूध आटलं, मग? आणि मी तिथं येऊन तेल चोळाय बसले तर बांगड्या वाजायच्या न्हाइत. डोळं मिटून पडली असली तरी तिला कळंल.

विहीणबाई म्हणत्याल, मेलेल्याचं कापड बाळंतिणीला नगं. त्यांना माझ्या वतीनं पाया पडून सांगा, जित्या हातानं फाडलंय. तेवढं बांधू द्या. माझा हात पोचत न्हाय, बापाचा तरी तिच्या पोटावर असू दे.

सव्वा महिना झाला की मी येईन. तवर कुणी बोलू नका. माझी मीच सांगीन.

वर सौ. लिवलंय, ते चुकून न्हाय. रंभासाठी शेवटचं लिवलं.

गंगाभागीरथी बजाबाई