‘ठमीचा दणका’ आणि इतर चोरीचे सिनेमे

प्रिय ठमे,

सुटले गं बाई! निर्दोष! निकाल ऐकला आणि कोर्टाच्या दारातच वकीलबाईंना अशी कडकडून मिठी मारली, की त्यांचा चष्माच खाली पडला. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून सगळं लिहूनच कळवतेय.

माझ्या स्टुडिओत तयार झालेल्या लग्नाच्या फिल्म मी त्या एका वेबसाइटवर ठेवायचे, हे तुला माहीतच आहे. लिंक पाठवली की नातेवाईक घरबसल्या बघायचे. आता त्याच वेबसाइटवरून तिचे मालक चोरलेले नवे सिनेमे विकतात, हे मला काय स्वप्न पडणार होतं? वेबसाइट बंद झाली, मालक गजाआड गेले आणि पाठोपाठ मला नोटीस आली, की तुम्हीही शेकडो लोकांना सिनेमे वाटलेत. नडली ती माझी हौस. लग्नाला साधं नाव देणं मला जमतच नाही. ‘नवरदेव पळाला नाही’, ‘दोन वेडे, एक मुहूर्त’, ‘ठमीचा दणका’! वर झकास पोस्टर, आणि निर्माते म्हणून मुलीचे वडील. तपास करणाऱ्यांना वाटलं, या बाईनं अख्खं थिएटर उघडलंय.

वकीलबाई आधी म्हणाल्या, माफीनाम्यावर सही करा, थोडक्यात सुटाल. आमचे हे तर लगेच पेन घेऊन आले. पण सही केली की त्या सगळ्या फिल्म चोरीचा माल ठरणार आणि कायमच्या पुसल्या जाणार. स्टुडिओतल्या प्रती मशीन बिघडलं तेव्हाच गेल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. मान मोडेस्तोवर कॅमेरा खांद्यावर वागवून मी जे टिपलं, ते मीच चोरलं म्हणून लिहून देऊ? हरले असते तर स्टुडिओला टाळं लागलं असतं आणि मीही आत गेले असते. हे आठवडाभर रोज माफीनामा आणि पेन माझ्या ताटाशेजारी आणून ठेवायचे. भीती मलाही वाटत होती गं. पण सही केली नाही ती नाहीच.

कोर्टात सरकारी वकिलांनी माझ्या फिल्मची नावं अशा गंभीर चेहऱ्यानं वाचली, की मलाच हसू फुटायला लागलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, नावं पुरे, यातला एखादा सिनेमा लावूनच दाखवा. जप्त केलेल्या फाइलींतून त्यांनी स्वतःच निवडला तो तुझा ‘दणका’! पडद्यावर आधी तुझा नवरा मान खाजवताना, मग तुझी आत्या आ वासून घोरताना. आणि मग तुझी आई, आपल्या काकू आल्या. थेट कॅमेऱ्यात बघून माझ्यावर खेकसल्या, की अगं ए कॅमेरेवाले, सकाळपासून उपाशी नाचतेयस, ठेव ते डबडं आणि दोन घास गीळ आधी! सगळं कोर्ट खो खो हसलं, सरकारी वकीलसुद्धा. ही फिल्म कुणी काढली, हे मग कुणाला विचारायची गरजच उरली नाही. बाकीच्याही चाळून पाहिल्या, सगळी लग्नंच. न्यायाधीशबाईंनी स्पष्ट सांगितलं, की दुकानदार चोर निघाला म्हणून त्याचं प्रत्येक गिऱ्हाईक चोर ठरत नाही, ज्याच्यावर आरोप आहे त्यानं स्वतः काय केलं ते दाखवा. दाखवायला होतं काय, कपाळ! माझ्या सगळ्या फाइली मला परत करायचा हुकूमही त्यांनी दिला.

आता खरं कारण सांगते. काकू गेल्या तेव्हा वेबसाइट बंदच होती. त्यांचं हसणं-बोलणं त्या एकाच फिल्ममध्ये होतं, आणि तरी तू मला तिच्याबद्दल चकार शब्द विचारला नाहीस. माझ्या जिवाला आणखी घोर नको म्हणून गप्प बसलीस, कळत होतं मला. लोकांना वाटलं मी हट्टाला पेटलेय. होतेच. पण पेन हातात घेतलं की दर वेळी काकूच डोळ्यांपुढे यायच्या आणि हात मागे यायचा. पत्रासोबत पेनड्राइव्ह पाठवतेय. लेकीला मांडीवर घेऊन बस आणि तिला सांग, की तुझ्या आजीनं भर कोर्टात तुझ्या मावशीला सोडवलं. आजीला ती पहिल्यांदाच ऐकणार आहे, आवाज मोठा ठेव.

तुझीच,
निर्दोष कॅमेरेवाली