आबांच्या नावाचा प्याला

तावीता,

जर्मन साहेबाने मला गादीवरून उठवून तुला गावचा सरदार केलं. आपल्या आबांची सरदारकीची, देवमाशाच्या दातांची माळ तुला शोभते, याचाच जास्त राग येतो.

काल सभेत आबांच्या, म्हणजे सरदाराच्या मानाच्या, प्याल्याचं नाव पुकारलं. सरदाराने टाळी वाजवायची, मग कावाच्या मुळांचं पेय त्याच्यापुढे येतं. सवयीने मीच टाळी वाजवली. प्याला आणणारी पोरगी मध्येच थबकली.

"दादा, तुझ्या हातांना अजून कुणी सांगितलं नाही वाटतं," तू म्हणालास. सगळे हसले. मग तिला म्हणालास, "त्यालाच दे गं."

हिसकावला असतास, तर गाव माझ्या बाजूने उभं राहिलं असतं. तू दिलास, आणि मी हावऱ्यासारखा प्यायलो.

आज गावही तुलाच सरदार म्हणतंय.

तुझा थोरला,
इओपू