चौथा डॉल्फिन

सिराक्यूज,
कार्नेयस महिना, चंद्रकोर दिसून चौथा दिवस

प्रिय सोसिस,

तुला आणि सूनबाईंना आईचे आशीर्वाद. मासेवाला दोरियस उद्या कामारिनाकडे होडी काढतोय, त्याच्याबरोबर हे पत्र देते. मी नाण्यांच्या ठशांवरची उलटी अक्षरं बघून लिहायला शिकले, म्हणून सुरुवातीला सगळं उलटं लिहायचे आणि तू हसायचास. आता सरळ लिहिते.

इथे अंजिरं पिकली. शेळी व्यायली. मी केस कापले.

काल टाकसाळीचा मुकादम लाम्पोन आला होता. बाबांच्या मेजावरचा नवा ठसा अपुरा आहे. झऱ्याच्या देवीचं, अरेथूसाचं, मुख झालंय, अगदी केसांच्या जाळीपर्यंत. पण भोवतीच्या चार डॉल्फिनांपैकी तीनच कोरलेत.

"वहिनी, पौर्णिमेला नाणी पाडायची आहेत. उरलेला मासा दुसऱ्याकडून कोरून घेतो."

"पौर्णिमेपर्यंत ठसा हलणार नाही."

"मग कोरणार कोण? तुम्ही?"

मी ठशावर फडकं टाकलं.

सोसिस, बाबा गेले. अमावास्येच्या आदल्या दुपारी, कोरणी हातात असतानाच. हे आधी लिहायला हवं होतं. हात अंजिरांचंच लिहीत गेला. रडू अजून आलेलं नाही. भाकरी करते, खाते.

तुझा पहिला ठसा त्यांनी टाकसाळीत सगळ्यांदेखत उचलून धरला होता. "हा हंस की उपाशी बदक?" लोक हसले आणि तू घर सोडलंस. तुझ्या कामारिना शहरानं तोच हंस नाण्यावर घेतला, तेव्हाही ते काही बोलले नाहीत.

बाजाराला जाताना सगळेच सुटी नाणी गालात ठेवतात. हे घरीही ठेवायचे. बोलताना शब्द अडखळायचे. मला वाटायचं, दात दुखतोय. दोरियस एकदा म्हणाला, "कारागीरबुवा, गालात चांदी, आणि मासा घ्यायला बायकोकडे हात पसरता?" ते म्हणाले, "ती मासे घ्यायची चांदी नाही." दोरियस आणि मी, दोघंही हसलो होतो.

मिर्तो म्हातारीनं त्यांना आंघोळ घातली. मेलेल्यांना पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याचं नाणं ठेवायला तिनं त्यांचं तोंड उघडलं.

"अगं बाई, हा तर भाडं घेऊनच निघालाय."

मी पाहिलं. कामारिनाचं बारकं नाणं होतं. तुझा हंस. पंख झिजले होते, मान तेवढी उरली होती. मी ते तसंच जिभेखाली परत ठेवलं. माझ्या मुठीतलं नाणं मुठीतच राहिलं.

कोरण्या पुसून ठेवल्यात. अरेथूसाच्या हनुवटीखालची जागा कोरी आहे. पौर्णिमेपर्यंत मी मेजापाशी बसते. यायचं नसेल तर दोरियसजवळ तसं सांग, म्हणजे लाम्पोनला ठसा देऊन टाकीन.

त्यांच्या रिकाम्या स्टुलाशेजारी बसलेली,
तुझी आई
नीकारेता