रेल्वेकडची खिडकी

९ फेब्रु.
दापोडीत आज पुन्हा नुसती धूळ. पुढच्या खोलीची रेल्वेकडची खिडकी आता लागतच नाही. चौकटीचं खालचं लाकूड वाळवीने खाल्लंय, रंगाच्या पापुद्र्याखाली निव्वळ भुसा. मी फटीत गोणपाट कोंबलंय. हे खाटेवरून बघतात, बोलत काही नाहीत. एक तर दम पुरत नाही. त्यात जन्मभर लाकडात हात घातलेल्या माणसाच्या घराला गोणपाट. मी तरी काय करू?
डॉ. म्हणाले, छातीचं आता मागे फिरणार नाही, आहे ते सांभाळा. धूळ नको, पण मोकळी हवा हवी. म्हटलं, आमच्याकडे दोन्ही एकाच वाटेने येतात.

१३ फेब्रु.
चाकणहून शिफ्ट संपवून नितीन आला. बापाजवळ बसला, मग खिडकीजवळ उभा राहिला. प्लॅस्टिकची सरकती लावू म्हणतो. एका दिवसात बसते, आवाज बंद, धूळ बंद. त्याच्या मोशीच्या फ्लॅटला तशाच आहेत. पोराचं चूक नाही. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.
तो गेल्यावर म्हणाले, "अर्धीच उघडते ती."
खरंय. सासऱ्यांनी रेल्वेत असताना बांधलेलं हे दगडी घर, खिडकी सताड उघडणारी, दोन झडपांची. लग्न होऊन आले तेव्हा याच खिडकीत बसून रडायचे मी. गाडी आली की रडणं ऐकू जात नसे. सोय होती.

२० फेब्रु.
रफीकभाई आले, भोसरीहून. फाउंड्रीत दोघं एकाच बाकावर. लोखंड ओतायच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करायचे. ते खातं बंद पडलं तेव्हा दोघांनी मिळून जुन्या घरांच्या खिडक्या करायला घेतल्या. लाकूड निवडायचं आणि माप घ्यायचं यांनी, करायच्या र.भाईंनी.
आज खूप दिवसांनी यांना बोलताना ऐकलं. राजगुरुनगरच्या नदीकाठच्या घराचा विषय निघाला, तिथे पावसाळ्यात झडपा फुगून बसायच्या, म्हणून अंमळ सैल ठेवल्या. भोसरीत प्लेटिंगच्या कारखान्यामागच्या बंगलीत लोखंडी बिजागऱ्या अ‍ॅसिडच्या वाफेने वर्षात गळल्या, मग पितळी घातल्या. आणि इथे आगगाडीचा हादरा. काच पुट्टीवर बसवली तर पुट्टी सुटते आणि काच वाजते, म्हणून लाकडी पट्टीने दाबून बसवायची. दर चार शब्दांमागे श्वास. मी म्हटलं, बास आता. तर म्हणाले, तू चहा टाक.
म्हणजे प्लॅस्टिक नाही, सागवानच. नितीनला कळवलं. "बाबांना हवं तसं," म्हणाला. चिडला असावा.

२६ फेब्रु.
मी र.भाईंबरोबर लाकडाच्या वखारीत गेले. एकीकडे नवं सागवान, गोरंगोमटं. दुसरीकडे चिंचवडात पाडलेल्या कुठल्याशा बंगल्याच्या तुळया, काळ्या पडलेल्या, खिळ्यांची भोकं. मला नवंच आवडलं. व्हिडिओ कॉल लावून यांना दोन्ही दाखवलं.
"जुनं घ्या. नव्याचं आकसायचं बाकी असतं. जुन्याचं आकसून झालंय."
फोनमध्ये यांचं मनगट दिसत होतं. किती बारीक झालंय. घरी रोज बघते तर कळत नाही. वखारीत उगाच एका तुळईवरून हात फिरवत राहिले.

३ मार्च
आज यांनी माप घेतलं, स्वतः. ऐकेचनात. र.भाई "दादा, मी घेतो की" म्हणाले, मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. ऑक्सिजनची नळी सांभाळत मी स्टूल धरलं. यांनी हत्यारांच्या पेटीतून आपली जुनी पोलादी पट्टी काढली. ही पट्टी नितीनने पाचवीत असताना शाळेत नेली म्हणून मार खाल्ला होता. यांनी त्याला मारलं ते तेवढं एकदाच. एरवी हात लावू देत नसत तिला.
आकडे सांगत गेले, मी लिहीत गेले. मग हे झोपले ते थेट जेवायलाच उठले. भाकरी मागून घेतली. देवाला दिवा लावताना मला काही मागायचं सुचेना, इतकं बरं वाटलं.

१८ मार्च
ताप. श्वास फार वाढला. पिंपरीला अ‍ॅडमिट. नितीन रजा टाकून आला. घाईत मी दोन पायांत दोन चपला घालून आले, एक निळी एक चॉकलेटी. संध्याकाळी लक्षात आलं.

२१ मार्च
दुपारी मी घरी आले तर र.भाई खिडकी बसवत होते. सुंदर झालीय. आणि लहान झालीय. वर बोट जाईल एवढी फट, बाजूंना त्याहून कमी.
र.भाईंनी माझा कागद बघितला, आपलं काम मोजलं. आकड्याबरहुकूम. मग दगडाची जागा टेपने मोजली आणि खाली बसले. म्हणाले, उंचीला जास्त चूक, रुंदीला कमी, अशी चूक नजरेची नसते. दादांनी कशाने मोजलं? मी पेटीतली पट्टी दिली. त्यांनी ती टेपला लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.
"वहिनी, माप चुकलं न्हाई. पट्टी चुकली. ही बिडाच्या मापाची हाय."
बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, म्हणून त्याचा लाकडी नमुना थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी ही पट्टीच मुळात मोठी. तिचा इंच खऱ्या इंचाहून जरा लांब. तिने जागा मोजली तर आकडा कमीच भरणार. साधी पट्टी त्याच पेटीत शेजारी पडली होती. हात सवयीने हिच्यावर गेला.
यांच्या हातून. यांच्या! नळाखाली तोंड धरलं आणि रडले.

२२ मार्च
त्या तुळयांचं लाकूड उरलेलं नाही, पुन्हा करणं शक्य नाही. नुसता गिलावा भरला तर हादऱ्याने तडकेल. र.भाईंनी आपल्याकडच्या एका जुन्या फळीतून पट्ट्या काढल्या, चारी बाजूंनी बसवल्या. रंग जुळवला. माहीत नसलेल्याला नक्षी वाटेल.
नितीन म्हणतो, सांगून टाकू, त्यात काय गुन्हा आहे? मी त्याच्या अंगावर गेले. म्हटलं, त्यांचं हे शेवटचं... पुढे बोलवलं नाही. तो म्हणाला, "आई, त्याच पट्टीने मी चौरस काढला होता. बाबांनी मारलं आणि मग ती पट्टी कसली ते समजावत बसले. म्हणाले, हिने खरं माप घेशील तर फसशील." कंपनीच्या बुटांसकट खाटेवर बसून रडला. मी बूट काढ म्हटलं नाही.
ठरलं, सांगायचं नाही. पट्टी मी पिठाच्या डब्यात घातली. वस्तू लपवायची माझी नेहमीची जागा.

२ एप्रिल
घरी आणलं. खाटेवर टेकवलं आणि दोन्ही झडपा उघडल्या. बघतच राहिले. लोणावळ्याकडची गाडी गेली.
"वाजली नाही," म्हणाले. काच.
मग नजर कडेच्या पट्टीवर. वर गेली, आडवी गेली, खाली आली. "ही रफीकने लावली?" मी म्हटलं, हो, धुळीसाठी, हल्ली तशी पद्धत आहे. "बरं केलं." माझ्याकडे बघितलं नाही. कळलं की नाही, कळत नाही. इतकी वर्षं संसार केला आणि आज मला यांचा चेहरा वाचता येईना.

५ एप्रिल
मागच्या खोलीची खिडकीही करून टाकू म्हणतात. "माझी पट्टी दे. आहे तोवर माप घेऊन ठेवतो." मी म्हटलं, सापडत नाही. "सापडेल," म्हणाले.
र.भाईंना फोन केला. म्हणाले, साधी पट्टी द्या, डोळ्यांना काय दिसतंय आता. पण हाताला? साधी देऊ, तर मला माहीत होतं हे त्यांना कळेल. बिडाची देऊ, तर आकडे वाचतील, खिडकीच्या पट्ट्यांकडे बघतील आणि सगळं कळेल. न द्यावी तर उगाच आस लावून बसतील. श्वास पुन्हा वाढलाय. डॉ. सोमवारी बोलू म्हणाले, नितीनलाही घेऊन या म्हणाले. भीती वाटते.

८ एप्रिल
सकाळी खिडकी उघडली. ऊन खाटेपर्यंत आलं. यांनी हात पुढे केला. मी त्यात चहाचा कप दिला.
घेतला. सावकाश प्याले. कप परत देताना म्हणाले, "पिठात गंजेल गं ती."
मी स्वयंपाकघरात आले. डब्याचं झाकण अजून उघडलेलं नाही.