मालनच्या ताटातली चपाती

डोंबिवली (पूर्व),
१२ डिसेंबर १९९८

प्रिय मालन,

तुझं पत्र मंगळवारी आलं. ह्यांनी ते जेवताना मोठ्याने वाचलं. शाळेने तुला ग्रंथालयात का होईना परत घेतलं, आणि कठडा न धरता तू दोन मजले चढलीस, हे ऐकून आमच्या हेमाने टाळ्या वाजवल्या. मीही हसले. पण तुझं पत्र वाचताना ह्यांचा आवाज जसा होतो, तसा माझ्याशी बोलताना होत नाही, हे आधी मनात आलं. तू बरी झालीस हे त्यानंतर.

मला तुझा हेवा लहानपणापासून वाटतो. चेंदणीच्या कोळीवाड्यातून आईबरोबर म्हावऱ्याची पाटी घेऊन बाजारात बसायला मी आठवीतून शाळा सोडली आणि तू चित्रकलेच्या परीक्षा देत राहिलीस. आल्यागेल्याला बाबा तुझी चित्रं दाखवायचे. माझ्या हाताला वास येतो म्हणून तू एकदा नाक दाबलं होतंस. सात वर्षांची होतीस, तुला आठवतही नसेल. मी विसरले नाही.

लग्न होऊन इथे आले तेव्हा मला चपाती येत नव्हती. आपलं सगळं भातावर आणि तांदळाच्या भाकरीवर. सासूबाईंची बोलणी खाऊन शिकले, आणि वर्षभरात शेजारच्या बायका माझ्याकडे घडीची चपाती शिकायला येऊ लागल्या. तेवढी एकच गोष्ट माझी होती.

पंच्याण्णव साली तुझा खडू फळ्यावर थरथरायला लागला. मग चालताना झोक जायला लागला, जीभ जड झाली. बाई पिऊन येतात अशी शाळेत कुजबूज झाली आणि तुला रजेवर पाठवलं. मेंदूचा फोटो स्वच्छ, रक्त ठीक. एक डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, दुसरे म्हणाले मनाचं दुखणं. तुझ्या यजमानांना, पोपटरावांना, कामाच्या पाळ्या असायच्या, म्हणून तू माझ्याकडे राहायला आलीस, आणि स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे दर पंधरवड्याला मीच तुला घेऊन जायचे.

किती सेवा केलीस ताई, असं तू लिहिलंयस. केली. पण कशी, ते ऐक. हे ऑफिसातून आले की आधी तुझ्या खोलीत डोकावायचे. जिना उतरताना तुझं कोपर धरायचे. माझी पोटची पोर हेमा अंथरूण उचलून तुझ्याजवळ झोपायला गेली. एकदा कुकरच्या वाफेने माझा हात मनगटापर्यंत भाजला, आणि त्याच वेळी तू मोरीत पडलीस. सगळे तिकडे धावले. माझा हात दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने पाहिला. तुला मात्र रोज गरम, तूप लावलेल्या तीन चपात्या वाढत होते. तू म्हणायचीस, ताईसारखी चपाती कोणाची नाही. ते ऐकायला बरं वाटायचं गं.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात तू अडीच महिने आईकडे होतीस. न्यायला आले तर तू ओट्यावर कोळंबी सोलत बसली होतीस. हात पूर्वीइतका कापत नव्हता. माझ्यासाठी पाणी आणायला भिंत न धरता आत गेलीस. आईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "बाय, हिला चपाती सोसत नाय. मागं आलेली तवा पन भातावर सुदारलेली. तुज्याकडं गेली का परत लटपटते. डाक्टरला सांग गो." मी म्हटलं, "माझ्या हातचं खाऊन बिघडते, असंच म्हण ना सरळ." आपण निघताना आई पुन्हा एवढंच म्हणाली, "सांग पन."

तू डोंबिवलीला आलीस. चौथ्या आठवड्यात पुन्हा पडलीस. त्या महिन्यात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, तुला आठवतंय? तू शेजारीच होतीस. "मध्ये बऱ्या होत्या म्हणता. तिकडे काही वेगळं होतं? खाणंपिणं, औषध?" तुझी जड जीभ हलायच्या आत मी म्हणाले, "नाही, काही नाही." आईने विचारलं तेव्हा 'डॉक्टरांना सांगितलं, ते हसले' असं तिला खोटंच सांगितलं. एका अडाणी कोळणीला, आपल्या आईला, दुखणं कळलं आणि माझ्या चपातीने माझी बहीण आजारी पडली, असं डॉक्टरांसमोर म्हणायला माझी जीभ उचलली नाही. आणि याहून वाईटही आहे. तू बरी झालीस की पुन्हा शाळा, पुन्हा कौतुक. आजारी असताना निदान तुला माझी गरज होती.

पुढचं तुला माहीतच आहे. दीड वर्षाने मुंबईच्या त्या तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. पोटाची काही तक्रार नसतानाही गव्हातल्या ग्लुटेनमुळे कुणाकुणाच्या मेंदूला आणि नसांना इजा होते, असं त्यांनी नुकतंच वाचलं होतं. त्यांनी तुझं रक्त वेगळं तपासलं, आतड्याचा तुकडा तपासला आणि गहू कायमचा बंद केला. पोपटराव तेव्हा आनंदाने रडले. मी त्या खोलीत भिंतीला टेकून उभी होते. बाई म्हणाल्या, डावा पाय आणि हाताची थरथर पूर्ण जाईलच असं नाही. वर्षा-दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर बराच फरक पडला असता. ते ऐकून तू मान हलवलीस आणि माझा हात धरलास.

आई गेल्या वर्षी गेली. डॉक्टरांनी आपलं ऐकलं नाही, असंच समजून गेली. आणि आता तू लिहितेस की संक्रांतीला शाळेत तुझा सत्कार आहे, त्यात तुला बोलायचंय, आणि "माझ्या ताईमुळे मी उभी आहे" असं सांगायचंय. मी पहिल्या रांगेत बसावं. मालन, ते बोलू नकोस. तुझा फळा माझ्यामुळे गेला. नाव घ्यायचंच तर आईचं घे, तिने ओळखलं होतं. तिचं नाव घेतलं जाईल, माझं नाही, या विचारानेसुद्धा मला आत्ता, लिहिता लिहिता, हेवा वाटला. अशी आहे मी. मी सत्काराला येणार नाही. तू बोलावल्याशिवाय तुझ्या दारातही येणार नाही. बोलावलं नाहीस तर ह्यांना आणि हेमाला कारण मी स्वतः सांगेन.

तुला नको असले तरी, तुझीच,
नंदा